ऐकणारा लेखक

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९३५ साली जन्मलेले थॉमस केनीली तरुणपणी ख्रिस्ती धर्मगुरू होण्यासाठी अध्ययन करीत होते. परंतु दीक्षेपूर्वीच त्यांनी तो मार्ग सोडला. पुढे ते शिक्षक झाले, कादंबरीकार झाले, चित्रपटांत नटही झाले. ऑस्ट्रेलिया प्रजासत्ताक व्हावे म्हणून १९९१ साली निघालेल्या चळवळीचे ते पहिले अध्यक्ष होत.

१९८० साली अमेरिकेत ते चामड्याची बॅग घेण्यास एका दुकानात शिरले. दुकानदार लिओपोल्ड फेफरबर्ग हे नाझींच्या छळातून बचावलेले ज्यू होते. ऑस्कर शिंडलर या जर्मन कारखानदाराने हजाराहून अधिक ज्यूंचे प्राण कसे वाचविले, ही हकिकत ते भेटेल त्या लेखकास सांगत. केनीलींनी ती लक्षपूर्वक ऐकली. साक्षीदार वृद्ध होत चालले होते. त्यांच्याबरोबर ही स्मृतीही लोपली असती. म्हणून फेफरबर्गांसह देशोदेशी हिंडून त्यांनी त्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतून १९८२ साली ‘शिंडलर्स आर्क’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली व तिला बुकर पारितोषिक लाभले.

मुलांनो, केनीलींनी धर्मगुरूची वस्त्रे धारण केली नाहीत. परंतु परक्याचे दुःख कान देऊन ऐकण्याचे धर्मगुरूचे कार्य त्यांनी लेखणीने केले. सोडलेली वाटही माणसाला काही देऊन जाते, ते असे.