दुसरं दार कुठंय?

९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि सोलापूरकरांच्या सहलींचं गणितच बदललं. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी त्याआधी दोन वर्षं, १५ जून २०२३ला, पाडली गेली होती. तिच्यावरून झालेल्या भांडणांत आता शिरायला नको. एवढं मात्र खरं, की रात्रभर बसमध्ये मान अवघडवून घेत गाठायचा गोवा तासाभरावर आला. जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांत 'दोन दिवस गोवा' हा बेत चहा संपायच्या आत ठरायला लागला.

बेत ठरला की सूचना सुरू होतात. मंगळसूत्र कपाटात ठेवून जा, पैसे दोन ठिकाणी वाटून ठेव, कुणी दिलेलं काही खाऊ-पिऊ नको. सूचना चुकीच्या नाहीत. पण बागा-कळंगुटच्या पट्ट्यात जिवावर बेततं ते बुडण्यानं, धुरात गुदमरण्यानं आणि रात्रीच्या रस्त्यावर स्कूटर घसरण्यानं. घरून मिळालेल्या सूचनांत या तिन्हींचा उल्लेख सहसा नसतो.

जुळे सोलापुरातलेच एक गृहस्थ मात्र या तिन्हींवरच बोलतात. बँकेतून निवृत्त झालेले, गेली कित्येक वर्षं नातेवाइकांना आणि कॉलनीतल्या मंडळींना घेऊन गोव्याला जाणारे. नाव छापू नका म्हणाले. सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणते, तेव्हा इथंही मामाच. गोव्याला निघालेल्या पोरांना ते निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी बोलावतात, शेंगाचटणीची पुडी हातात देतात आणि मग तासभर सोडत नाहीत. पोरं चटणीसाठी येतात, असं मामींचं मत आहे.

त्यांच्या बोलण्यामागे एक रात्र आहे. बागा किनाऱ्यावर जेवण आटोपलं होतं, अकरा वाजून गेले होते. बरोबरची पोरं थोडी प्यायलेली. त्यातला एक, विहिरीत पोहायला शिकलेला, चांगला दमदार. "पाय भिजवून येतो म्हणाला," मामा सांगतात. "मी म्हटलं, काय करालाव बे, अंधार आहे. तर म्हणे मामा, घोट्याएवढं तर पाणी आहे. घोट्याचं पाणी गुडघ्याला कधी आलं आणि गुडघ्याचं कमरेला, त्याला कळलंच नाही. आम्हाला नुसता आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता." शॅकवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खाणावळीतल्या, पोरांनी हाताला हात धरून साखळी केली आणि त्याला ओढून काढलं. ती पोरं बहुतेक नेपाळची होती. त्यांना त्या किनाऱ्याची ओढ कुठल्या बाजूला आहे हे रोजच्या कामातून ठाऊक होतं. पोलीस किंवा जीवरक्षक तिथे पोचायच्या आत सगळं संपलं होतं, सुदैवानं चांगल्या बाजूनं.

जीवरक्षक तिथे नव्हते, यात कुणाची कसूर नव्हती. गोवा सरकारनं २००८पासून किनाऱ्यांवर 'दृष्टी' या संस्थेचे जीवरक्षक नेमले आहेत. त्यांची मुख्य पाळी साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, हा नियम त्या वेळेपुरता पाळता येतो. अंधार पडल्यावर झेंडा दिसत नाही आणि बुडणाऱ्याचं डोकंही दिसत नाही. आपल्याकडचा पोहणारा विहिरीत, तलावात तयार झालेला असतो. ते पाणी जागेवर उभं असतं. समुद्राचं पाणी परत जाताना माणसाला घेऊन जातं. अशा परतीच्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे जीव तोडून हात मारतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडायचं आणि मग वळायचं, हे आधीच माहीत असावं लागतं. गटांगळ्या खाताना कुणी शिकवत नाही. बुडायला दारूच लागते असंही नाही, हे १ फेब्रुवारी २०१६ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडनं दाखवलं. पुण्याच्या महाविद्यालयातून सहलीला आलेले १४ विद्यार्थी तिथे भर दिवसा बुडाले.

मामांचा पहिला नियम त्यामुळे साधा आहे: दिवस मावळल्यावर घोटासुद्धा भिजवायचा नाही. यावर पोरं वाद घालतात. मामा वाद घालत नाहीत, ते फक्त त्या रात्री ओढून काढलेल्या मुलाला फोन लावून स्पीकरवर टाकतात.

दुसरा नियम दारांचा आहे आणि त्याची आधी बरीच थट्टा व्हायची. कुठल्याही क्लबमध्ये, बारमध्ये शिरलं की मामा बसायच्या आधी विचारतात, "दुसरं दार कुठंय?" एकदा एका क्लबमध्ये वेटरनं हसत काउंटरमागं बोट दाखवलं. मामा बघायला गेले. दाराला कुलूप होतं आणि समोर बाटल्यांचे क्रेट छातीएवढे रचलेले. ते सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. प्रवेशाचे पैसे बुडाले, पोरं बरेच दिवस धड बोलली नाहीत.

६ डिसेंबर २०२५च्या शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास गोव्यातल्याच हडफडे इथल्या 'बर्च बाय रोमिओ लेन' या क्लबला आग लागली. २५ माणसं गेली. नाचाचा कार्यक्रम चालू असताना आत उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागल्याचं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितलं. सजावट बांबूची, झावळ्यांची. बाहेर पडायच्या वाटा अरुंद. बरेच जण जीव वाचवायला खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराकडे पळाले आणि तिथेच कोंडले गेले. बहुतेकांचा जीव धुरानं घेतला. गल्ली इतकी चिंचोळी, की अग्निशमनाचे बंब सुमारे ४०० मीटर अलीकडेच थांबवावे लागले. मालक बंधू काही तासांत थायलंडला निघून गेले, नंतर त्यांना तिथून परत पाठवण्यात आलं. हे बांधकाम पाडायची नोटीस पंचायतीनं दिली होती आणि पंचायत संचालनालयानं तिला स्थगिती दिली होती, असं सरपंचांनी दुर्घटनेनंतर सांगितलं. कागद हलत राहिले आणि क्लब चालत राहिला.

त्या २५ जणांत पर्यटक पाच होते. उरलेले २० तिथे कामाला असलेले: झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेले. पर्यटकांच्या सुरक्षेवर बोलताना हा आकडा विसरला जातो. ज्या ठिकाणी पाहुण्यांसाठी एक दार असतं, तिथे भांडी घासणाऱ्यासाठी तेवढंही नसतं.

सोलापूरला हे परकं वाटू नये. १८ मे २०२५च्या पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली तेव्हा आठ माणसं गेली. त्यात मालकाचं कुटुंब होतं आणि कामगाराचंही. कारखान्यातच राहणं, माल वाटेत रचलेला असणं आणि मध्यरात्री जाग येईपर्यंत धूर भरलेला असणं हे आपल्याकडे नवीन नाही.

आगीचा खेळ बंद जागेत करू नये, हे सोलापूरच्या माणसाला खरं तर कुणी शिकवायला नको. गड्ड्याच्या जत्रेत शोभेचं दारूकाम होतं ते होम मैदानावर, उघड्या आभाळाखाली, लोकांना लांब उभं करून. तेच दारूकाम झावळ्यांच्या छपराखाली शंभर माणसं कोंडून केलं, तर काय होईल हे जत्रेतला पोरगाही सांगेल. जगभरात मात्र तीच चूक पुन्हा पुन्हा होते आहे. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'स्टेशन' क्लबमध्ये १०० माणसं गेली, २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारियात 'किस' क्लबमध्ये २४२. दोन्हीकडे गाण्याच्या कार्यक्रमात उडवलेली आतषबाजी, दोन्हीकडे पेट घेणारा आवाजरोधक फोम. 'स्टेशन'मध्ये आणखीही दारं होती, पण गर्दी लोटली ती आत आलेल्या मुख्य दाराकडे. घाबरलेला माणूस ओळखीच्या दाराकडेच धावतो. म्हणून दुसरं दार आधी बघून ठेवायचं, शक्य तर उघडून.

मुंबईत २०१७च्या २८ डिसेंबरच्या रात्री कमला मिलमध्ये १४ जण गेले. त्यांतल्या अनेकांनी स्वच्छतागृहात आसरा घेतला होता. पाणी आहे, दार लावता येतं, म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. धुराला दार अडवत नाही. आग दिसली की आत, वर किंवा तळघरात जायचं नाही. वाकून, नाकावर ओला रुमाल धरून बाहेरच्या दिशेनं जायचं. मोबाइलवर चित्रीकरण करत उभं राहायचं नाही, हेही आता सांगावं लागतं. आणि बिल द्यायचं राहिलं म्हणून कुणी दारात अडवत असेल, तर त्याला बाजूला सारून जायचं.

रस्त्याचं थोडक्यात. भाड्यानं घेतलेल्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते, पण ती भाड्यानं देणंच बेकायदा असल्यामुळे अपघातानंतर विम्याचं काम अडतं. चोगम रस्ता नावानं ओळखला जाणारा तिथला वर्दळीचा रस्ता १९८३च्या राष्ट्रकुल प्रमुखांच्या परिषदेच्या निमित्तानं नावारूपाला आला. आज रात्री दोन वाजता त्यावर ज्या तऱ्हेनं स्कूटरी चालतात, ती पाहून कुठल्याही राष्ट्रप्रमुखाला घाम फुटेल. पिऊन गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मामांच्या गटात चावी न पिणाऱ्याकडे असते. तो नसेल तर टॅक्सी, आणि टॅक्सीचे पैसे सहलीच्या वर्गणीतच आधी काढून ठेवलेले. "रात्री दीड वाजता टॅक्सीवाल्यानं आठशे सांगितले की पोरांना हटकून स्कूटर आठवते," ते म्हणतात. "म्हणून पैसे दिवसाच बाजूला काढायचे."

आणखी एक सवय त्यांनी लावली आहे. गटातल्या प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड असतं आणि त्यामागे गटातल्या दोघांचे नंबर पेननं लिहिलेले. फोन बंद पडतो, हरवतो, समुद्रात जातो. पुठ्ठ्याला चार्जिंग लागत नाही. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन नंबर पाठ असलेच पाहिजेत. मुलीबाळी बरोबर असतील तर एकटं कुणी परतायचं नाही, मुलगेसुद्धा नाही. हे शेवटचं त्यांनी अलीकडे जोडलं, कारण वाट चुकून पहाटेपर्यंत भटकलेले त्यांच्या गटातले सगळे मुलगेच होते.

इतकं सगळं पाहुण्यांनीच करायचं, तर प्रशासनानं काय करायचं? प्रत्येक दुर्घटनेनंतर घोषणा होते ती जास्त पोलिसांची आणि जास्त कॅमेऱ्यांची. कॅमेरा आग विझवत नाही. हडफड्यानंतर काही दिवसांतच उत्तर गोवा जिल्हा प्रशासनानं क्लब, बार, हॉटेलांच्या आत फटाके आणि ठिणग्यांचे खेळ करायला बंदी घातली, ते बरं झालं. पण बंब पोचेल एवढा रस्ता नसेल, तर तिथे शेकडो माणसं जमवायचा परवाना मुळात द्यायचाच कशाला? बांधकाम एका खात्याकडे, दारू दुसऱ्याकडे, आवाज तिसऱ्याकडे, आग चौथ्याकडे. चौघांचे कागद एका टेबलावर ठेवून रात्री बारा वाजता, गर्दी भरलेली असताना जागा बघायला जाणारा एक अधिकारी नेमला, तर बऱ्याच गोष्टी दिसतील. सकाळी अकराच्या तपासणीत दारासमोर क्रेट नसतात.

ॲमस्टरडॅमनं याचा वेगळा विचार केला. तिथे रात्रीच्या कारभारासाठी 'रात्रीचा महापौर' आहे आणि त्याच्या पुढाकारानं रेंब्रांटप्लेन या गजबजलेल्या चौकात शुक्रवार-शनिवारी रात्री खास जाकिटं घातलेले तरुण फिरू लागले. ते पोलीस नव्हते. वाट दाखवायची, झिंगलेल्याला बाजूला बसवायचं, भांडण पेटायच्या आत गोड बोलून तोडायचं, हे त्यांचं काम. बाग्याच्या शॅकवरची ती पोरं हेच काम फुकटात करत होती. त्यांना प्रथमोपचार शिकवून, मानधन आणि ओळखपत्र देऊन नेमलं तर किनाऱ्याची रात्र बरीच सुधारेल. पहाटे चारपर्यंत काम करणाऱ्या या माणसांनाही निघायचं दार मोकळं हवं, हे मात्र त्या नेमणुकीच्या आधी.

मामा सध्या गोव्यापेक्षा जवळच्याच गोष्टीनं अस्वस्थ आहेत. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला ठिणग्यांची कारंजी उडवायची फॅशन आता आपल्याकडच्या मंगल कार्यालयांतही रुळली आहे. वर कापडी छत, मागे थर्माकोलची आणि कृत्रिम फुलांची कमान, समोर हजारभर पाहुणे. मागचं दार बहुधा जेवणाच्या हॉलकडे उघडतं आणि पंगत चालू असताना कुणी घुसू नये म्हणून बाहेरून कडी घातलेली असते. कॉलनीतल्या एका लग्नात मामांनी व्यवस्थापकाला ती कडी काढायला लावली. वधूपित्याला ते आवडलं नाही. पुढच्या लग्नाला त्यांनी युक्ती बदलली: कार्यालय ठरवतानाच, आगाऊ रक्कम द्यायच्या आधी, यजमानांबरोबर जायचं, दारं मोजायची, अग्निशामक नळकांड्यावरची मुदतीची तारीख वाचायची आणि ठिणग्यांचा खेळ हॉलमध्ये नको, लॉनवर चालेल, हे करारातच लिहून घ्यायचं. यजमान तेव्हा ऐकतात, कारण पैसे अजून त्यांच्याच खिशात असतात.