भातसेच्या पात्रातील गारगोट्या : ओळख आणि महत्त्व

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव स्थानक माहुली गडाच्या परिसरात आहे. याच शहापूर तालुक्यातून वाहणारी भातसा आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातील काळू या नद्यांच्या पात्रांत काळ्या गोट्यांमध्ये पांढरे, करडे वा मधाळ रंगाचे गुळगुळीत खडे आढळतात. त्यांपैकी गारगोट्या कोणत्या, हे केवळ स्पर्शाने ठरत नाही. गुळगुळीतपणा ही प्रवाहाची करणी होय. काळा दगडही घासून तितकाच गुळगुळीत होतो.

येथील काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. त्यातील वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्यांत क्वार्ट्झ, कॅल्सेडनी आणि पट्टेदार अकीक साचले. कालांतराने भोवतालचा खडक झिजला. कठीण गारगोटी मात्र सुटी होऊन नदीत आली.

तिची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या खड्यावर पोलादी चाकूने ओरखडा काढावा. ओरखडा उमटला, तर तो बहुधा कॅल्साइट असतो. गारगोटीवर तो उमटत नाही; उलट तिची कड काचेवर रेघ ओढते. काठिण्याच्या मोहस् मापनात कॅल्साइटचा क्रमांक ३, तर क्वार्ट्झचा ७ आहे. सौम्य आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट फसफसतो, गारगोटी फसफसत नाही. फुटलेली गारगोटी शिंपल्यासारखा वक्र पृष्ठभाग दाखवते; कॅल्साइट तिरप्या सपाट पृष्ठांनी फुटतो. परीक्षेसाठी दगड मुद्दाम फोडू नये; कपची डोळ्यात जाण्याचा धोका असतो, आणि सिलिकाची बारीक धूळ सतत श्वासात गेल्यास फुप्फुसांना कायमची इजा होते.

ही ओळख बांधकामातही उपयोगी पडते. कॅल्सेडनीसारखी अतिसूक्ष्म कणांची सिलिका ओलाव्यात सिमेंटमधील अल्कलीशी संयोग पावून फुगते व काही वर्षांनी काँक्रीटला तडे जाऊ शकतात. म्हणून भारतीय मानक २३८६ (१९६३) याच्या सातव्या भागात खडीच्या अशा परीक्षणाची पद्धत दिली आहे. नदीतील गोटे कठीण आहेत, एवढ्यावरून ते पुलाच्या वा टाकीच्या कामास योग्य ठरत नाहीत.

शाळांनी नमुन्यापुरते चार खडे जमवून या परीक्षा मुलांकडून करवून घ्याव्यात. आपल्या भूमीचा इतिहास त्यांना गावच्या नदीतच वाचता येईल.