गादी, खुर्ची आणि राजीनामा

माझे आजोळ इंदूरचे. दर उन्हाळ्याच्या सुटीत मामांबरोबर एम.टी. क्लॉथ मार्केटमध्ये कापड घ्यायला जाणे हा आमचा ठरलेला कार्यक्रम. एकदा मी सहज विचारले, "मामा, एम.टी. म्हणजे काय हो?" मामा म्हणाले, "अगं, महाराजा तुकोजीराव! त्यांच्या नावाचंच मार्केट हे." घरी आल्यावर आजीने पुस्ती जोडली, "मोठा राजा होता हो, पण बाईपायी गादी घालवली."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. आजही एखाद्या मंत्र्याचे वा आमदाराचे स्त्रीविषयक प्रकरण बाहेर आले की 'त्याने राजीनामा द्यावा की नाही' यावर घराघरांत वाद होतो. एक पक्ष म्हणतो, खाजगी आयुष्य ज्याचे त्याचे. दुसरा म्हणतो, यथा राजा तथा प्रजा, म्हणून त्याने गेलेच पाहिजे. या वादाला उत्तर शोधायचे तर इंदूरच्या त्या जुन्या प्रकरणापासून सुरुवात करणे योग्य होईल.

बावला खून खटला

मुमताज बेगम ही गायिका व नर्तकी तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयाला काही वर्षे इंदूरला होती. तिला तेथे राहावयाचे नव्हते. ती निसटली आणि पुढे मुंबईत अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याकडे राहू लागली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार काही लोकांनी अडविली. बावलांवर गोळ्या झाडण्यात आल्या व त्यांत त्यांचा अंत झाला. मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. तिला पळवून नेण्याचा बेत होता. परंतु गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे आले, आणि बेत फसला.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे खटला चालला. आरोपींत इंदूर संस्थानच्या नोकरीतली माणसे होती. त्यांपैकी आनंदराव फणसे हे तर संस्थानी लष्करातले वरिष्ठ अधिकारी. त्यांचे वकीलपत्र बॅ. जीनांनी घेतले होते. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशीची आणि इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. कटाचा उगम इंदुरात असून या माणसांच्या मागे आणखी कोणी आहे, पण त्यावर नेमके बोट ठेवता येत नाही, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले.

महाराजांवर खटला कधीच भरला गेला नाही. त्यांचा अपराध कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. हिंदुस्थान सरकारने त्यांच्यापुढे दोन मार्ग ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादीचा त्याग केला. अट अशी की, पुढे चौकशी होऊ नये. यशवंतराव तेव्हा अवघे १७ वर्षांचे होते. इंदूरचे मोठे एम.वाय. रुग्णालय त्यांच्याच नावाचे.

बाईपायी की खुनापायी?

आता आजीच्या वाक्याकडे वळू. 'बाईपायी गादी गेली' असे म्हणताना आपण काय करतो? दोष सरळ मुमताजच्या पदरात टाकतो. तिने केले काय? जेथे राहावयाचे नव्हते तेथून ती निघून गेली. गादी गेली ती एका माणसाचा रस्त्यात खून झाला म्हणून, आणि त्या खुनात संस्थानचे नोकर सापडले म्हणून. तरीही शंभर वर्षे लोकांच्या तोंडी 'बाईपायी' हाच शब्द आहे. लोकापवाद उठला की त्याची किंमत बहुधा स्त्रीनेच मोजायची, हे आपण सीतेच्या कथेपासून ऐकत आलो आहोत. धोब्याच्या बोलण्यावरून सिंहासन सोडावे लागले नाही, घर मात्र सीतेला सोडावे लागले.

वाणिज्याच्या विद्यार्थिनीची कसोटी

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी आम्हांला शिकवितात की, धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकाने घरखर्चासाठी दुकानातून पैसे घेतले तर ते 'उचल खाते' नावे टाकावे लागतात. मला वाटते, आपल्या प्रश्नालाही हीच कसोटी लावावी. पुढाऱ्याचे दोन सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीचे संबंध हा त्याच्या घरचा हिशेब होय. तो त्याने आपल्या कुटुंबाला द्यावा. परंतु त्या संबंधासाठी सरकारी नोकर, सरकारी पैसा, पोलीस वा पदाचा धाक वापरला गेला, की ती उचल जनतेच्या खात्यातून झाली, आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेला आहे. जिथे स्त्रीची संमतीच नाही, तिथे तर 'खाजगी' हा शब्द उच्चारणेही चूक आहे. तो गुन्हा आहे.

खोटे बोलणे ही याच कसोटीची दुसरी बाजू. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो यांनी मार्च १९६३ मध्ये एका तरुणीशी आपले अनुचित संबंध नसल्याचे पार्लमेंटात सांगितले. जूनमध्ये ते खोटे असल्याचे कबूल करून त्यांना पद सोडावे लागले. संबंधांपेक्षा सभागृहाची फसवणूक अधिक महाग पडली. ज्या व्यापाऱ्याच्या वह्या खोट्या, त्याचा इतर कशावर विश्वास ठेवावा?

आरोप झाला म्हणजे अपराध झाला काय?

येथे एक रास्त आक्षेप येतो. खोटे आरोप करून कोणालाही खुर्चीवरून खाली खेचता येईल, त्याचे काय? मध्यप्रदेशचे अर्थमंत्री राघवजी यांनी २०१३ साली लैंगिक स्वरूपाचा आरोप होताच राजीनामा दिला. पुढे २०२३ साली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला. मधली दहा वर्षे त्यांना कोण परत देणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

यावरही आमच्या पुस्तपालनात तोडगा आहे. तेरीज जुळत नसेल तर फरकाची रक्कम आपण सस्पेन्स खात्यात ठेवतो. ती बुडाली असे म्हणत नाही आणि मिळाली असेही म्हणत नाही. चूक सापडली की ते खाते बंद होते. मंत्र्याचे चौकशीपुरते पदावरून दूर होणे असेच असावे. ती शिक्षा समजू नये. निर्दोष ठरल्यास त्याला सन्मानाने परत घ्यावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, चौकशी चालू असताना स्त्रीने लेखी विनंती केल्यास तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची सोय आहे. कारकुनाला जो नियम, तो मंत्र्याला का नसावा? पोलीस ज्याच्या हाताखाली आहेत, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला सामान्य माणूस कसा धजेल?

राजीनाम्याने फिटंफाट होत नाही

परंतु इंदूरच्या प्रकरणातला खरा धडा याच्याही पुढचा आहे. आपण समजतो की राजीनामा दिला म्हणजे माणसाने मोठी किंमत मोजली. तुकोजीरावांनी गादी सोडली खरी, पण त्या बदल्यात चौकशी टळली. हल्लेखोर फासावर आणि तुरुंगात गेले. त्यांना कोणी पाठविले, हे मात्र कायमचे अंधारात राहिले. महाराज दोषी असतील तर ते सुटले. निर्दोष असतील तर डाग पुसण्याची संधी त्यांनीच गमावली. आणि मुमताजला तर या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळाले नाही.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ सांगतो की, भागीदार निवृत्त झाला तरी निवृत्तीपूर्वीच्या देण्यांतून तो आपोआप मोकळा होत नाही. हेच तत्त्व राजकारणात यावे. राजीनामा चौकशी सुकर होण्यासाठी असावा, चौकशी चुकविण्यासाठी नव्हे. दुर्दैवाने आपल्याकडे राजीनामा आला की वर्तमानपत्रे शांत होतात, विरोधक विजय साजरा करतात, आणि तक्रार करणारी स्त्री एकटी पडते.

तेव्हा वाचकहो, यापुढे असे प्रकरण कानी आले की 'त्याने राजीनामा दिला का?' एवढेच विचारून थांबू नये. पदाचा वापर झाला का, स्त्रीची संमती होती का, खरे सांगितले का, आणि राजीनाम्यानंतर चौकशी पुरी झाली का, हे चार प्रश्न विचारावेत.

यंदाच्या सुटीत आजीला मी हे सारे सांगितले. ती बराच वेळ वाती वळत बसली. मग म्हणाली, "खरंच गं, त्या बिचारीचा चेहरा फाडला होता. ते आम्ही कुणी बोलतच नव्हतो."