'मूकनायक' ते मोबाईल : संपादकाची जबाबदारी आता कोणाची?

लिहिणारे थोडे, छापणारे त्याहून थोडे आणि वाचणारे पुष्कळ, अशी मराठी वृत्तपत्रसृष्टीची रचना १८३२ साली सुरू झालेल्या 'दर्पण'पासून पावणेदोनशे वर्षे टिकून होती. काय छापावे हे संपादक ठरवी आणि काय छापू नये हेही तोच ठरवी. यूट्यूब, फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांनी ही रचना मोडली. आज ज्याच्या हाती मोबाईल आहे तो वाचक आहे, वार्ताहर आहे आणि प्रकाशकही आहे. या बदलाचा अर्थ बहुजन समाजाने आपल्या इतिहासाच्या आधारे समजून घेतला पाहिजे, कारण माध्यमाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणी अनुभवलेले नाही.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. जे सोसले ते तिने स्वतःच्या नावानिशी लिहिले. पुढे १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू करून शेतकरी-कष्टकऱ्यांचा आवाज छापील अक्षरांत आणला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या साताऱ्यातील शाळेत ज्या भीमरावांचे नाव दाखल झाले, त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक काढले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. त्याच वेळी 'केसरी'ने मात्र 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास नकार दिला होता. इतरांची पत्रे आपल्या प्रश्नांना जागा देणार नाहीत, म्हणून स्वतःचे पत्र हवे, हा धडा बाबासाहेबांनी त्यातून समाजाला दिला. महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे चोवीस रकाने अनेकदा त्यांना एकट्यालाच लिहून भरावे लागत. १९३० मध्ये 'जनता' आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. पैसा नव्हता, वर्गणीदार थोडे होते. तरीही छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी घेणारा संपादक तेथे होता.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहू.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी कित्येक आठवडे या अमानुष घटनेची पुरेशी दखल घेतली नाही. कार्यकर्ते गावात गेले, त्यांनी माहिती गोळा केली, अहवाल लिहिले. ते पत्रकांतून आणि ई-मेलमधून गावोगावी, देशोदेशी पोहोचले. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा मोठ्या माध्यमांना मान वर करून पाहावे लागले. सामान्य माणूस वार्ताहर झाल्याचे हे फळ होते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागात पसरली होती. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे हे निरपराध लोक त्या अफवेचे बळी ठरले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पण गेलेले पाच जीव परत आले नाहीत. तो संदेश पुढे पाठवणारेही सामान्य माणसेच होती.

दोन्ही ठिकाणी मजकूर संपादकाच्या हाताखालून न जाता लोकांकडून लोकांकडे गेला. मग फरक कशात? खैरलांजीत कोणी तरी प्रत्यक्ष गेले, पाहिले, विचारले आणि मग लिहिले. राईनपाड्यात कोणीही विचारले नाही. दार उघडले, पण दारावरचा पहारेकरीही गेला. आता पहारा प्रत्येकाने स्वतः द्यायचा आहे.

आपल्या महाबळेश्वराच्या पायथ्याशी वाई आहे. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. एकेक नोंद तज्ज्ञांनी लिहायची, इतरांनी तपासायची, मग छापायची. या रीतीने काम दशकानुदशके चालले. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही नोंद लिहू शकतो. पण तेथेही विधानाला आधार मागितला जातो आणि कोणी काय बदलले याचा इतिहास सर्वांना दिसतो. लिहिणारे हात वाढले तरी तपासणीचे मोल कमी होत नाही, हे या दोन्ही कोशांवरून शिकता येते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. बाबासाहेबांनी पत्राबरोबर स्वतःचा छापखानाही उभा केला. आज आपण ज्या मंचांवर लिहितो त्यांची मालकी दूरदेशीच्या कंपन्यांकडे आहे. कोणती चित्रफीत लाखोंना दाखवायची आणि कोणती मागे ढकलायची, हे त्यांची संगणकीय गणिते ठरवतात. माणूस पडद्यासमोर अधिक वेळ थांबावा हा त्या गणितांचा हेतू असतो. सत्य हा नव्हे. म्हणून आपली स्मरणिका, आपले ग्रंथालय, आपली नियतकालिके यांची गरज संपलेली नाही.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना केलेला उपदेश येथे उपयोगी पडतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून, ती हितकारक आहे असे जाणून मगच स्वीकारा, असा त्याचा आशय आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या माध्यमसाक्षरतेचा पहिला पाठ ठरावा.

तो वर्गात आणि घरात असा गिरवता येईल. समजा, ऐन पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड कोसळल्याची चित्रफीत मोबाईलवर आली. ती आजची की जुनी? कोणी, कोठे चित्रित केली? प्रशासनाने काही कळवले आहे काय? ती पुढे पाठवल्याने कोणाचे भले होईल, कोणाला इजा पोहोचेल? बाबासाहेबांच्या नावाने एखादे वाक्य आले, तर ते त्यांच्या 'लेखन आणि भाषणे' या ग्रंथमालेच्या कोणत्या खंडात आहे? उत्तर मिळेपर्यंत बोट थांबवावे. आणि जे आपण स्वतः पाहिले, सोसले, ते मात्र निर्भयपणे आपल्या नावानिशी लिहावे, मुक्ता साळवेने लिहिले तसे.

मुक्याला वाचा मिळावी यासाठी आपल्या पूर्वजांनी जन्म वेचले. ती वाचा आज आपल्या खिशात आहे. तिच्यातून निघणाऱ्या प्रत्येक शब्दाचे संपादक आता आपणच आहोत.