गुडाकेशाला सांगितलेली निद्रा

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील सोळावा व सतरावा हे श्लोक पुष्कळांच्या नित्यपाठात असतात. तथापि त्यांतील निद्रेविषयीचा उपदेश बहुधा अर्धाच ध्यानात राहतो. अतिनिद्रा योगास घातक, हे प्रत्येक गृहस्थ आपल्या मुलास ऐकवितो. अतिजागरणही तितकेच घातक, असे भगवंतांनी त्याच श्लोकात म्हटले आहे, ते मात्र सांगावयाचे राहून जाते. आणि हा उपदेश कोणाला? अर्जुनाला, ज्याला गीतेतच ‘गुडाकेश’ असे संबोधिले आहे. गुडाका म्हणजे निद्रा, तिचा जो ईश तो गुडाकेश, अशी व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे. निद्रा जिंकलेल्या वीरालाही जागरणाची मर्यादा सांगावी लागली, मग पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याची कथा काय?

बंगळुरासारख्या नगरातील एखाद्या घराचा दिनक्रम पाहावा. शाळेची बस साडेसहाला येते, म्हणून मुलास साडेपाचला उठवितात. शिकवणी, गृहपाठ आणि मग हातातील फोन यांत रात्रीचे अकरा वाजतात. झोप झाली साडेसहा तास. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने 2016 साली जाहीर केले. किमान मर्यादा धरली तरी रोज दीड तास उणा. सहा दिवसांत नऊ तास, म्हणजे एक अखंड रात्रच बुडाली! रविवारी तो दहापर्यंत उठत नाही आणि घरात ‘तामसी’ हा शब्द उच्चारला जातो.

येथे निर्णय देण्याची घाई करू नये. तारुण्यागमनाबरोबर शरीराचे घड्याळच पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूतील एका ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा जो स्राव निद्रेची सूचना देतो, तो या वयात उशिरा सुरू होतो. म्हणून नऊला दिवा मालवूनही डोळा लागत नाही. समोर उजळ पडदा असेल तर विलंब आणखी वाढतो. हा आळस नव्हे, वयोधर्म होय.

अठराव्या अध्यायात तामसी धृतीचे वर्णन करताना स्वप्न, भय, शोक व विषाद ही एकाच पंक्तीत बसविली आहेत. तेथे दोष निद्रेचा नसून ती न सोडण्याचा आहे. परंतु निद्रा आणि विषाद यांचा शेजार वैद्यांच्याही परिचयाचा आहे. विषण्ण मुलाची झोप बिघडते, आणि बिघडलेली झोप चिडचिड, विस्मरण व विषाद वाढविते. बंगळुरातील निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने फोन व खेळ यांच्या अतिरेकात सापडलेल्यांसाठी 2014 साली ‘शट’ नावाचे स्वतंत्र चिकित्सालय उघडले. मुलाची निद्रा दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली, आवडत्या गोष्टींतूनही मन उडाले किंवा जगणे नको असे शब्द तोंडून निघाले, तर उपदेश बाजूस ठेवून वैद्याकडे जावे. 14416 या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते.

इतर घरांसाठी शंकराचार्यांचे भाष्य पुरेसे आहे. निद्रा व जागृती यांची वेळ नियत असणे, असा अर्थ त्यांनी तेथे केला आहे. उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारनंतरची कॉफी वर्ज्य करावी (बंगळुरात हे कठीणच!) आणि रात्री फोन शयनगृहाबाहेरच्या फळीवर ठेवावा. त्याच फळीवर वडिलांचाही फोन ठेवावा लागेल. ही अट मुलापेक्षा वडिलांनाच जड जाते.