ट्रे धुणाऱ्या हातांसाठी

शिरूरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी सहायक होते तेव्हाची गोष्ट. दाढ काढून पेशंट गेला होता आणि मी ट्रे आवरत होते. रक्ताने भिजलेल्या कापसाखाली टोपण न लावलेली सुई होती. ती हातमोज्यातून सरळ बोटात गेली.

आजूबाजूच्यांनी लगेच सल्ले दिले: बोट पिळ, रक्त वाहू दे, स्पिरिट लाव. यातलं काहीच करू नका. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. रक्त डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने डोळा धूत राहा. मग काम तिथेच सोडून निघा, कारण खरी घाई पुढेच असते.

एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. शिरूरहून पुण्याला ससूनला जायचं, तर वाघोलीची गर्दी पार करतानाच हे दोन तास संपू शकतात. म्हणून शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे रात्री ही गोळी मिळते का, कोणाला भेटायचं, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर बेसिनवरच्या भिंतीला चिकटवा. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन 1097 हाही नंबर तिथेच लिहा.

मला औषध वेळेत मिळालं. 28 दिवस गोळ्या घेतल्या, मळमळ सोसली. पण रोजची गोळी कशाची हे सासूबाईंना कसं सांगायचं, हे त्या मळमळीपेक्षा जड गेलं. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या झाल्या. सगळ्या निर्दोष निघाल्या.

त्या काळात मला एचआयव्हीची धास्ती होती. खरी धास्ती हिपॅटायटिस बीची हवी होती, हे समुपदेशक ताईंनी समजावलं. बाधित सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण तीनशेत एक. हिपॅटायटिस सीची शंभरात फार तर दोन. आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची शंभरात तीसपर्यंत! हा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, म्हणजे सोमवारी खुर्चीच्या हाताला लागलेला न पुसलेला डाग रविवारीही धोक्याचाच. देशभरातल्या बाळांना ही लस 2011 पासून मिळू लागली, त्यामुळे आज दवाखान्यात काम करणाऱ्या बहुतेकींना ती लहानपणी मिळालेली नाही. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून लस लागू पडली का ते पाहायचं. कामावर ठेवतानाच डॉक्टरांनी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. पगार ठरवताना मागून घ्या, संकोच करू नका.

पुढे मी दौंडला कामाला लागले. तिथला नियम एकच होता आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: ज्याने सुई वापरली त्यानेच ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. सहायकाच्या ट्रेमध्ये सुई यायचीच नाही. दाढ काढताना भूल कमी पडली तर पुन्हा टोचावं लागतं, म्हणून सुई मध्येच बाजूला ठेवावी लागते, हे खरं. अशा वेळी टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवायची. दुसरा हात पाठीमागे. आणि तोंडात जाऊन आलेली सुई भुलीच्या बाटलीत परत कधीही खुपसायची नाही, नाहीतर पुढचे सगळे पेशंट त्या एका बाटलीतून बाधित होऊ शकतात.

फक्त सुईवर लक्ष ठेवून भागत नाही. स्केलरची टोकं, टाके घालायची सुई, वेडेवाकडे तुटलेले तारेचे तुकडे यांनीही हात फाटतो. हँडपीसमध्ये तसाच राहिलेला बर वळताना कोपराजवळ ओरखडतो, म्हणून काम संपताच तो काढायचा. हत्यारं धुताना तपासणीचे पातळ हातमोजे पुरत नाहीत, जाड रबरी हवेत. धुतल्यावर ऑटोक्लेव्ह. काही ठिकाणी अजून हत्यारं उकळून घेतात. उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांना सांगायची हिंमत करा.

पेशंट रांजणगावच्या कारखान्यातला असो की शाळेतल्या बाई, ट्रे सगळ्यांचा सारख्याच काळजीने धुवायचा. एचआयव्ही असलेल्या पेशंटला त्या कारणाने परत पाठवायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. त्याच कायद्याने दवाखान्यात काम करणाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि सुई टोचल्यावरची औषधं पुरवणं मालकावर बंधनकारक केलं आहे. दोन्ही कलमं माहीत असू द्या.

या कामात तरुण मुली पुष्कळ, म्हणून एक सांगते. दिवस गेलेले असताना सुई टोचली तर घाबरून औषध नाकारू नका. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. गरोदरपणातही ही औषधं देता येतात, आणि हिपॅटायटिस बीची लसही.