पासपोर्ट परदेशी, ओढ कोकणची

गुहागरच्या बाजूला थोडी जागा घ्यावी, चार कलमं लावावीत, एवढंच माझ्या मनात होतं. पासपोर्ट ब्रिटिश, खिशात ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. दलाल म्हणाला, "साहेब, कार्ड आहे ना? मग काही अडत नाही." जाहिरातीत 'एनए बंगलो प्लॉट' छापलं होतं. मी सातबारा मागितला. पिकांच्या रकान्यात काजू, आणि बिनशेतीचा (एनए) आदेश कुठेच नाही. "एनए होईलच हो, तोवर इसार देऊन ठेवा."

असा इसार कधीही देऊ नका. ओसीआय कार्डावर घर, फ्लॅट, दुकान किंवा बिनशेती झालेला प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे विकत घेता येत नाहीत. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या (फेमा) 2019 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींनाही तेच लागू. "वडील शेतकरी होते, दाखला काढू" असं कुणी सुचवेल. शेतकरी दाखल्याने महाराष्ट्राच्या कूळकायद्यातलं, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारं कलम 63 ओलांडता येतं, फेमा नाही. हे दोन अडसर वेगवेगळे आहेत आणि दलाल नेमका पहिल्याबद्दलच बोलतो.

मग पुढचा तोडगा आला: "भावाच्या नावावर करू, पैसे तुमचे." मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण यात फसवणारा कुणी परका नसतो. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. 1988 च्या कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशी जमीन सरकारजमा होते; शिवाय 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. पैसे देणारा आणि नाव देणारा, दोघेही अडकतात. कायद्याचा बडगा नाही आला तरी भाऊ गेल्यावर सातबाऱ्यावर त्याच्या मुलांची नावं चढतात, आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. माझ्या एका मित्राच्या घरी याच कारणावरून गणपतीला एकत्र येणं बंद झालं. सख्ख्या भावाला या जोखमीत ढकलू नका, एवढं मी कळवळून सांगतो.

मी शेवटी रत्नागिरीत फ्लॅट घेतला. पैसे एनआरई (अनिवासी) खात्यातून, चेकने. पुढे तो विकून रक्कम परदेशी न्यायची झाली, तर बँक आधी हीच नोंद विचारणार. म्हणून रोखीत एक रुपयाही नको.

वडिलोपार्जित शेतजमिनीचं वेगळं आहे. ती वारसाहक्काने परदेशी नागरिक झालेल्या मुलालाही मिळते. विकायची झाली तर मात्र भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच. तेव्हा आई-वडील गेल्यावर वारस नोंद रेंगाळू देऊ नका. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव आलेलं स्वतः तपासा. स्वतः येता येत नसेल तर परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.